तीन पाण्यांची बाई

आमच्या बाईंविषयी जी गोष्ट सगळे सांगतात ती चुकीची आहे. हे मी ठामपणे म्हणू शकतो, कारण ती चुकीची सांगायला मीच सुरुवात केली.

गोष्ट अशी, की नगरमधल्या एका महिला महाविद्यालयात, वस्त्र आणि वेशभूषा विभागात, एक बाई होत्या. कापड कापायच्या आधी त्या ते तीनदा भिजवून तीनदा वाळवायला लावायच्या. तेवढ्यानंही भागलं नाही तर कापडाचं टोक जिभेला लावून गिरणीतल्या कांजीची खळ राहिली आहे का ते बघायच्या. शिवणीच्या आत माया, म्हणजे पुढे सैल करायला राखून ठेवतात ते जास्तीचं कापड, इतकी सोडायला लावायच्या की त्यातून धाकट्या बहिणीचा झंपर निघावा. आणि स्वतः मात्र कात्रीला हात लावायच्या नाहीत. फळ्यावर आकृती काढायच्या, कापडावर खडूनं रेघा मारून द्यायच्या, आणि कात्री मुलीच्या हातात देऊन पाठ फिरवायच्या. मुली त्यांना 'तीनपाणी बाई' म्हणत.

गेल्या दिवाळीनंतर माजी विद्यार्थिनींचं संमेलन नगरच्या सावेडी भागात झालं. बाई आल्या नव्हत्या. गुडघे दुखतात म्हणून त्या आता पारनेरला भाचीकडेच असतात. पण त्यांची नक्कल झाल्याशिवाय संमेलन कसलं? मंगल नावाची आमची जुनी विद्यार्थिनी उठली. पारनेर तालुक्यातल्या खेड्यातून आलेली ही मुलगी, आज सावेडीत तिचं स्वतःचं बुटिक आहे, हाताखाली आठ-दहा बायका आहेत. तिनं पदर खोचला, टेबलावरचा टेबलक्लॉथच ओढला, डोळे मिटून त्याचं टोक जिभेला लावलं आणि बाईंच्या आवाजात ओरडली, "अजून एक पाणी!"

बायका हसून हसून बेजार झाल्या. मंगल माझ्याकडे वळली. "सर, तुमी सांगा की! तुमी तर शेजारच्याच खोलीत बसायचे."

मी माईक घेतला. निवृत्त विभागप्रमुख म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, गळ्यात हार होता. बाईंनी एकदा वाळलेला तागा मुलींना पुन्हा भिजवायला लावला आणि तेवढ्यात आभाळ भरून आलं, असा एक किस्सा मी सांगितला. हशा झाला. मीही हसलो. खाली बसलो आणि गळ्यातला हार काढून ठेवला. शेजारच्या बाईंना वाटलं, हार टोचत असेल.

मी त्या विभागात रुजू झालो तेव्हा बाई तीन पाणी देत नव्हत्या. एकच द्यायच्या. कापड जिभेला लावत नव्हत्या. आणि कात्री अशी चालवायच्या की मुली हातातलं काम टाकून बघत राहायच्या.

"आधी पाणी, मग कात्री" हे त्यांचं वाक्य तेव्हाही होतंच. सुती कापड गिरणीतून येतं तेव्हा ताणलेलं असतं, अंगात खळ असते. न भिजवता कापलं, शिवलं, की पहिल्या धुण्यात आटतं. हे शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. बहुतेक जण ते जमेल तसं पाळतात. बाई देवपूजेसारखं पाळायच्या. नगरात पाणी एक दिवसाआड, उन्हाळ्यात त्याहून वाईट. आमच्या आवारात टँकर यायचा. अशात बाई तागे भिजवायला काढायच्या आणि कॉलेजच्या दर्शनी भागात दोऱ्या बांधून वाळत घालायच्या.

प्राचार्य एकदा वैतागून म्हणाले, "बाई, इथं माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही कापडाला अंघोळ घालताय?"

"साहेब, माणूस दोन दिवस बिनअंघोळीचा राहिला तर आटत नाही," बाई म्हणाल्या.

त्या पाण्याचा थेंब वाया जाऊ देत नसत, हेही सांगायला हवं. कापडाचं पाणी व्हरांडा पुसायला, उरलेलं फाटकाजवळच्या कडुलिंबांना. ती झाडं वाढली ती खळीच्या पाण्यावर.

पहिलं सत्र त्या मुलींना शिवायलाच देत नसत. घरातून जुने कपडे आणायला सांगायच्या आणि उसवायला बसवायच्या. एक टाका कापायचा नाही, सगळे उसवून काढायचे, मग सुटे झालेले तुकडे जमिनीवर मांडायचे आणि शिंपी काय विचार करत होता ते ओळखायचं. पहिल्या महिन्यातच मंगल उभी राहिली होती.

"बाई, आई इचारती, तुला शिवायला धाडलंय का फाडायला?"

"आईला सांग, जिला उसवता येत नाही तिला शिवता येत नाही. आणि तिचं एखादं लुगड्यावरचं झंपर घेऊन ये. नवं नको, अंगावर फाटलेलं आण. कुठं फाटलं त्यावरून कळतं, शिंप्यानं बाईला माणूस समजलं होतं की खुंटी."

कपड्याची उलटी बाजू बघायची त्यांना खोडच होती. एकदा पुण्याहून एक नावाजलेले वेशभूषाकार व्याख्यानाला आले होते. भाषण संपल्यावर आभार मानायला बाई पुढे गेल्या आणि आभार मानता मानता त्यांनी पाहुण्यांच्या जाकिटाचं टोक हलकेच उलटून पाहिलं. पाहुणे दचकले. बाईंनी टोक नीट करून दिलं. खाली उतरल्यावर माझ्या कानाशी म्हणाल्या, "वरून वरात, आत सगळी धावपळ."

नम्रपणा हा त्यांचा गुण नव्हता. "माझी बोटं खोटं बोलत नाहीत," असं त्या चारचौघांत म्हणायच्या. अंगठा आणि पहिली दोन बोटं यांच्यात कापड चोळून त्या सांगायच्या, गिरणीचं की मागाचं, नवं की धुतलेलं. मुली कापडबाजारातून चिंध्या आणून त्यांची परीक्षा घ्यायच्या. बाई डोळ्यांवर रुमाल बांधून बसायच्या.

"हे गिरणीचं, कोरं. हे मागाचं. याला एक पाणी झालंय. आणि हे..." एक तुकडा हातात धरून त्या थांबल्या. "हे बाजारातलं नव्हे. हे कुणाच्या तरी अंगावरचं आहे. आत्ता कापलंय. कुणाची ओढणी गेली बघा गं."

मागच्या बाकावरून मंगल किंचाळली, "आयला, माझी हाय!"

मी वस्त्रशास्त्राचा एम.एस्सी. तंतू ओळखायला मला सूक्ष्मदर्शक लागायचा. कापड किती आटतं ते मोजायची चाचणी मी दरवर्षी शिकवायचो. बाईंकडे पदविका होती. मला त्यांच्या बोटांचा हेवा वाटायचा, पण एका गोष्टीनं तो झाकला जायचा. बाई माझ्या विषयाला मान द्यायच्या. "सरांचं शास्त्र आहे, माझी नुसती सवय," असं मुलींना सांगायच्या. जगात कुणाचंही ऐकून न घेणारी ही बाई माझं ऐकायची. त्याचा मी जो उपयोग केला तो आता सांगतो.

मंगल पहिल्या वर्षाला होती, त्या वर्षी राजूरजवळच्या एका मुलींच्या निवासी शाळेचे गणवेश शिवायचं काम आमच्या विभागाला मिळालं. डोंगरातल्या वाड्यांवरच्या मुली. वर्षाला एक नवा जोड. बाई स्वतः जाऊन मापं घेऊन आल्या होत्या. निळ्या सुती कापडाचे तागे आले ते मार्चमध्ये. पाण्याची ओरड सुरू झाली होती. बाईंनी टँकरवाल्याशी भांडून विभागाची पिंपं भरून घेतली. त्याच सुमारास त्यांना परीक्षक म्हणून पुण्याला जायचं होतं.

"सर, एवढं पाणी राखा," निघताना त्या म्हणाल्या. "तागे भिजवून, वाळवून ठेवा. मी आले की कापू. परीक्षेआधी मुलींच्या हातून शिवून व्हायला पाहिजेत."

त्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला, की कॉलेज बघायला समिती येते आहे. प्राचार्यांनी मला बोलावलं. "तुमच्या रंगकामाचं प्रदर्शन लावा. समितीला काहीतरी दिसलं पाहिजे."

मी तेव्हा डाळिंबाची साल, मंजिष्ठा, नीळ यांचे प्रयोग करत होतो. माझ्या दृष्टीनं ते माझं आयुष्याचं काम होतं. रंगवलेलं कापड पाणी नितळ येईपर्यंत धुवावं लागतं, नाहीतर हाताला रंग लागतो. नळाला पाणी नव्हतं. पिंपांत होतं. मी एक पिंप वापरलं, मग दुसरं. संध्याकाळपर्यंत माझे नमुने दोरीवर झळकत होते आणि पिंपांच्या तळाशी निळसर गाळ होता. निळे तागे कागदात गुंडाळलेले तसेच होते.

इथपर्यंत ती चूक होती, आणि चूक सांगता आली असती. बाई रागावल्या असत्या, दोन दिवस बोलल्या नसत्या, पुन्हा टँकरवाल्याशी भांडल्या असत्या. पण समितीनं माझं प्रदर्शन वाखाणलं होतं आणि मला बाईंसमोर पडतं घ्यायचं नव्हतं. मी शिपायाकरवी तागे उघडवले, वरवर पाणी शिंपडून इस्त्री करून घेतली आणि नव्यानं घड्या घालून ठेवल्या.

बाई आल्या. पदराला हात पुसून त्यांनी वरच्या घडीचं टोक बोटांत धरलं. चोळलं. पुन्हा चोळलं.

"पाणी दिलंय ना, सर?"

"दिलंय."

"खळ लागतेय हाताला."

"बाई, मी उभा राहून भिजवून घेतलंय. काही गिरण्यांची खळ एका पाण्यात पूर्ण जात नाही. कापड आटायचं तेवढं आटलंय. हा माझा विषय आहे."

त्यांनी एकदा कापडाकडे पाहिलं, एकदा बोटांकडे. मग हसल्या. "तुम्ही म्हणता म्हणजे दिलं असणार. प्रवासानं बोटं सुजलीत माझी." आणि त्यांनी कात्री उचलली.

मी तिथेच उभा होतो. थांबा म्हणायला एक शब्द पुरला असता. थर लावून मांडलेल्या त्या कापडातून कात्री जात राहिली आणि मी माझ्या खोलीत निघून गेलो.

शाळा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्या निवासी शाळेच्या अधीक्षक बाई एक कमीज घेऊन प्राचार्यांकडे आल्या. धुतलेलं कमीज त्यांनी टेबलावर पसरलं. "पोरींना हात वर करता येत नाही," एवढंच म्हणाल्या.

प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. "कापडाला पाणी दिलं होतं ना?" असं विचारून ते माझ्याकडे बघायला लागले. बाई पण बघायला लागल्या.

"दिलं होतं," मी म्हणालो. "पण काही कापड पुढच्या धुण्यांतही आटत जातं. शास्त्रात तसं आहे. म्हणून कापताना माया जास्त सोडायची असते."

शास्त्रात तसं खरंच आहे. खोटं बोलायला मी खरं शास्त्र वापरलं.

बाई बराच वेळ त्या कमिजाच्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिल्या. मग प्राचार्यांना म्हणाल्या, "माझ्याकडून माया कमी पडली असेल."

त्यांना कुणी शिक्षा केली नाही. त्यांनीच चार दिवसांनी प्राचार्यांकडे जाऊन कटिंगचा तास नव्या शिक्षिकेला द्यायला सांगितलं. पुढे प्रमुखपद रिकामं झालं तेव्हा सेवेत त्या माझ्याआधीच्या होत्या. त्या गणवेशांचा विषय निघाला आणि पद मला मिळालं. बाई पेढा घेऊन आल्या होत्या.

तेव्हापासून तीन पाणी सुरू झालं. मी म्हटलं होतं ना, की काही कापड पुढच्या धुण्यांतही आटतं? बाईंनी ते शब्दशः मानलं. बोटांवर विश्वास उरला नाही म्हणून जीभ लावायला लागल्या. माया जास्त सोडायची असते असं मी म्हटलं म्हणून चार-चार बोटं माया सोडायला लागल्या. दरवर्षी नव्या मुली यायच्या, हसायच्या, नाव ठेवायच्या. मी शेजारच्या खोलीत बसून ते हसणं ऐकायचो. ज्याला सगळे बाईंचा विक्षिप्तपणा म्हणतात तो त्यांचा नव्हता. तो मी त्यांना लावलेला होता.

संमेलनानंतर आठवड्याभरानं मी पारनेरला गेलो. भाचीनं दार उघडलं आणि आत हाक दिली, "मावशी, कालिजातलं सर आल्यात गं!"

बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. खूप वाळल्या आहेत. मला बघून त्यांनी आधी माझ्या सदऱ्याची बाही ओढून उलटी करून पाहिली. "शिलाई बरी आहे. कुणाकडून घेतला?"

"बाई, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"सांगा की. त्यासाठी एवढ्या लांब आलात?"

मी सांगितलं. पिंपांतलं पाणी, रंगाचे नमुने, शिंपडून केलेली इस्त्री, प्राचार्यांच्या खोलीतलं वाक्य. काही गाळलं नाही. भाची चहा ठेवून गेली.

"म्हणजे खळ होती," शेवटी बाई म्हणाल्या.

"होती."

"माझी बोटं बरोबर सांगत होती."

"हो."

त्यांनी हात पुढे धरला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. बोटं संधिवातानं वाकडी झाली आहेत. "मी यांना गप्प बसवलं, सर. तुम्ही म्हणालात म्हणून. नंतर वाटलं, यांचं काही खरं नाही. मग कात्रीही नको वाटायला लागली. कापलेलं परत जोडता येत नाही ना." मग म्हणाल्या, "राग नाही असं मी म्हणणार नाही. आहे. हे तुम्ही मला पुढच्या आठवड्यात सांगितलं असतं तरी चाललं असतं. पुढच्या वर्षीसुद्धा."

"मी काय करू, बाई?"

"आता काय करणार? हातात टेप धरवत नाही माझ्या." त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "त्या पोरींनी ते कपडे किती दिवस घातले, ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाही."

"वर्षभर. दुसरे कुठले आणायचे? मी रविवारी एसटीनं जायचे राजूरला. मिळेल ते निळं कापड घेऊन बगलेत जोड घातले, खाली पट्ट्या लावल्या. रंग जुळला नाही कुठं. एक पोरगी मला म्हणाली, 'बाई, तुमी मास्तरीण हाय आन् तुमाला मापच घेता येत न्हाई व्हय?' मी म्हटलं, 'न्हाई गं, चुकलं माझं.'" बाई हसल्या नाहीत. "माझं जाऊ द्या. मला आज कळलं. त्यांना कुणी सांगायचं?"

पुढच्याच महिन्यात मी राजूरला गेलो. शाळा आहे. नवी इमारत झाली आहे, अंगणात मुली रांगेनं जेवायला बसल्या होत्या. कार्यालयात एक तरुण शिक्षिका होती. तिनं मला पाणी दिलं, माझं बोलणं नीट ऐकून घेतलं.

"पण काका, त्या तर आता पोराबाळांच्या आया झाल्या असतील. वाड्यांवर, नाशकात, कुठं कुठं गेल्या असतील. नावं सांगा ना. एखादं तरी. मी विचारून बघते."

मला एकही नाव सांगता येईना. मी ती कधी विचारलीच नव्हती.

म्हणून इथे लिहितो. राजूरच्या शाळेत लहानपणी ज्यांनी बगलेत वेगळ्याच निळ्या रंगाचे जोड असलेले गणवेश घातले, त्या बायांपैकी कुणाच्या हाती हे पडलं तर त्यांनी वाचावं. बाईंनी तुमचं माप बरोबर घेतलं होतं. कापलंही बरोबर होतं. कापड भिजवायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी केलं नव्हतं.